चोळीबांगडीचा मुलूख

बडोद्याच्या मराठी घरांत तंजावर हे नाव परके नाही. सयाजीराव महाराजांचा पहिला विवाह १८८० साली झाला, तो तंजावरकडील लक्ष्मीबाईंशी, म्हणजेच पुढच्या चिमणाबाईसाहेबांशी. आणि त्यांच्या पाठोपाठ तंजावरच्या नर्तिका व वादकही बडोद्यास आले. लहानपणापासून ज्या गावाचे नाव ऐकले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा नोकरीच्या धबडग्यात राहून गेली होती. ती पुरी करण्यासाठी गेल्या माघात आम्ही उभयता निघालो.

तंजावर पाहायचे होते हे खरे. पण त्या आठवड्यात बडोद्यात राहायचे नव्हते, हेही तितकेच खरे. दोन गल्ल्या पलीकडे आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी नातवाची मुंज होती आणि आम्हांला बोलावणे नव्हते. मांडवातील सनई ऐकत घरात बसण्यापेक्षा आगगाडीत बसलेले बरे, असा विचार त्यामागे होता.

वडील गेल्यावर वाड्याची वाटणी झाली. खोल्या वाटल्या, भांडी वाटली. कुलदैवतांचे टाक मात्र धाकट्याच्या देव्हाऱ्यात राहिले. पुढे आमच्या मुलाच्या लग्नात कुळाचारासाठी ते मागावयास गेलो, तेव्हा दारातूनच नकार मिळाला. त्या दिवसापासून बारा वर्षे आम्ही बंधूंच्या दारावरून गेलो, दारात गेलो नाही. ही हकीकत आप्तेष्टांना इतक्या वेळा सांगितली होती की तिच्यातील शब्द न् शब्द पाठ झाला होता.

तंजावरला पोहोचल्यावर प्रथम बृहदीश्वराचे दर्शन घेतले. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले हे मंदिर, त्याचे दोनशे फुटांहून उंच विमान आणि सकाळच्या उन्हात तांबूस दिसणारा तो दगड यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांला ओढ होती ती प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीची. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास तेथे मराठीत कोरवून घेतला आहे. सभोवती सर्वत्र तमिळ अक्षरे आणि मध्येच ओळींमागून ओळी देवनागरी! परप्रांतात जन्म काढलेल्या आम्हां मराठी माणसांना ती भिंत पाहून काय वाटले असेल, हे वाचकांना निराळे सांगावयास नको.

तेथेच एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्हांला मराठीत बोलताना ऐकून ते थांबले होते. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात येथे आले आणि येथलेच झाले. त्यांच्या मराठीत तमिळचे हेल होते; काही शब्द मात्र आमच्या आजीच्या तोंडी ऐकलेले, पुढे हरवलेले असे होते. त्यांनी गाव विचारले, कुळ विचारले आणि मग सहजच म्हणाले,

“किती भाऊ तुम्ही?”

“एकटाच,” आम्ही म्हणालो.

सौ.ने आमच्याकडे पाहिले आणि मान फिरवून ती भिंतीवरील अक्षरे वाचू लागली. त्या गृहस्थांना काहीच कळले नाही. बारा वर्षे बंधूंविषयी आम्ही कडू बोललो होतो. पण ते नाहीतच, असे बोलण्याची ही पहिलीच वेळ. घरी हे शब्द तोंडातून निघाले नसते, कारण तेथे आम्हां दोघांना ओळखत नाही असा माणूस नाही. अनोळखी गावी आपणच आपल्याविषयी जे सांगू ते खरे ठरते. म्हणूनच, आपण काय सांगतो आहोत, ते तेथे आपल्याला नीट ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते पाहिली आणि दुपारी त्याच गृहस्थांच्या सोबतीने तिरुमलवाडीस गेलो. तंजावरच्या उत्तरेस कोल्लिडम नदी वाहते. तिच्या पैलतीरावर हे लहानसे गाव आहे. पात्र विस्तीर्ण, पाणी थोडे, बाकी सारे वाळवंट. १६७७ च्या जुलैत शिवाजीराजे आणि त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांची येथे भेट झाली. शहाजीराजे १६६४ मध्ये निवर्तले. त्यांच्या कर्नाटकातील दौलतीचा अर्धा वाटा शिवाजीराजे मागत होते. काही दिवस बोलणी झाली. वाटा द्यावयाचा नाही आणि नकाराची भीतीही वाटते, अशा कोंडीत सापडलेले व्यंकोजीराजे एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले.

पुढचा इतिहास आम्हांला ठाऊक होता. पण तो त्या काठावर बसून कधी आठवला नव्हता. शिवाजीराजांनी कोल्लिडमच्या उत्तरेचा मुलूख ताब्यात घेतला आणि ते माघारी वळले. त्यांची पाठ फिरताच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, व्यंकोजीराजांनी तेथे ठेवलेल्या फौजेवर चाल केली. लढाई झाली, दोन्हीकडची माणसे पडली आणि व्यंकोजीराजांचा पराभव झाला. मग तह ठरला. तंजावर व्यंकोजीराजांकडेच राहिले. सलोखा करावा असा सल्ला त्यांना त्यांच्या पत्नी दीपाबाईंनी दिला होता, असे म्हणतात. त्या दीपाबाईंना शिवाजीराजांनी बंगळूरकडील मुलूख चोळीबांगडीसाठी म्हणून वंशपरंपरेने दिला. पुढे व्यंकोजीराजे उदास होऊन कारभारातून मन काढून बसले, तेव्हा त्यांना धीर देणारे पत्रही थोरल्या भावानेच लिहिले.

क्षमा करणे म्हणजे झाले गेले विसरून जाणे, अशी आमची समजूत होती. आणि विसरणे शक्य नसल्यामुळे क्षमाही शक्य नाही, असे आम्ही स्वतःस बजावीत आलो होतो. येथे तर कोणी काही विसरले नव्हते. वाटा मागितला गेला होता, लढाई झाली होती. पण हिशेब संपल्यावर थोरल्या भावाने आपण होऊन एक पाऊल पुढे टाकले, आणि तेही अशा रीतीने की हरलेल्या भावास मान खाली घालून काही स्वीकारावे लागू नये. भावजयीला चोळीबांगडी देण्यात उपकार नसतो, नाते असते.

त्या वाळवंटाकडे पाहत असताना आमच्या पाठ हकीकतीतले एक गाळलेले वाक्य आम्हांला आठवले. वाटणीच्या वेळी रस्त्याकडील दोन चांगल्या खोल्या आम्ही थोरलेपणाच्या जोरावर घेतल्या होत्या. धाकटा तेव्हा एक शब्दही बोलला नव्हता. तो बोलला, ते टाक मागावयास गेलो तेव्हा.

परतताना सौ.ने आम्हांला न विचारता एक रेशमी लुगडे व खण घेतला. कोणासाठी, हे आम्हीही विचारले नाही.

बडोद्यास आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही उभयता बंधूंच्या दारात उभे राहिलो. मांडव उतरला होता. दारावरचे आंब्याचे टाळे वाळले होते. भावजयीने दार उघडले, क्षणभर उंबऱ्यातच थबकली आणि मग पदर सावरून वाकली. सौ.ने तिची ओटी भरली. बंधू आतून आले. वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती. तोंडून एवढेच निघाले,

“रस्त्याकडच्या खोल्या मी तशा घ्यायला नको होत्या.”

त्यांनी त्यावर हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. टाकांचा विषयही काढला नाही. तंजावरला उकाडा होता का, एवढे विचारले. चहा झाला, बटूला पाहिले, त्याच्या हाती मुंजीचा आहेर ठेवला. आम्ही उठलो तेव्हा मात्र ते म्हणाले, “दादा, आलाच आहात तर देवांना नमस्कार करून जा.”

देव्हाऱ्यात तांबड्या वस्त्रावर टाक मांडलेले होते, मुंजीसाठी उजळलेले. बारा वर्षांनी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिले.

टाक अजून तेथेच आहेत. खोल्याही आमच्याकडेच आहेत. आणखी किती वर्षांनी काय बदलेल, हे सांगवत नाही. मागचे सारे मिटले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मात्र त्या रात्री तंजावरच्या वृद्ध गृहस्थांना पाहुणचाराबद्दल आभाराचे पत्र लिहिले आणि शेवटी एक दुरुस्ती केली. मंदिराच्या भिंतीपाशी आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले होते, असे कळवले. आम्ही दोघे भाऊ.