ट्वीटर जोडताना आधी काय अडवायचं?

वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानलं. आपल्या घरगुती खोक्यात मात्र तो तांब्याच्या तारेतून येतो, आणि जोडणी चुकली की अर्धवट येतो. हे आपण आज का बोलतोय? कारण 'स' आणि 'श' यांतला फरक आपल्याला कळतो तो मुख्यतः वरच्या कंपनांमुळे. वय वाढलं की कान नेमकी तीच आधी गमावतो. तेव्हा ट्वीटर नीट जोडणं ही नुसती हौस नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्यांना शब्द कळणार की नुसता आवाज येणार, हा त्यातला प्रश्न आहे.

आता तत्त्व पाहू. ट्वीटरची कॉईल फार बारीक तारेची असते. खालचे जड स्वर जोरात तिच्यात शिरले तर ती तापून जळते. म्हणून तिच्या वाटेत, सिरीजमध्ये, कपॅसिटर घालायचा. तो वरची कंपनं सोडतो, खालची अडवतो. ही भिंत नाही बरं का, उतार आहे: मर्यादेच्या बरंच खाली गेलं की कंपनसंख्या निम्मी झाली तर ट्वीटरला मिळणारं व्होल्टेजही साधारण निम्मं होतं. कपॅसिटर नॉन-पोलर घ्यावा, कारण इथला प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो.

मर्यादा काढायला हिशोब सोपा आहे. ओहम आणि मायक्रोफॅरड यांचा गुणाकार करा आणि त्याने १,६०,००० ला भागा. ८ ओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड घेतले तर सुमारे ४,२०० हर्ट्झ येतात.

खरी गंमत दोन ट्वीटर लावताना होते. आपल्याला वाटतं, ट्वीटर तेच, कपॅसिटर तोच, मग मर्यादाही तीच. तसं नाही. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि मर्यादा ८,५०० च्या आसपास चढते. मधले स्वर हरवतात. सिरीजमध्ये जोडले की १६ ओहम होतात आणि मर्यादा २,१०० वर उतरते. जे अडवायचं तेच आत येतं. म्हणजे कपॅसिटरचा गुण एकट्याचा नसून संबंधाचा आहे. तेव्हा समांतरला १० मायक्रोफॅरड घ्या, सिरीजला २.२. अँप्लिफायरवर किमान ८ ओहम लिहिलं असेल तर समांतर जोडीचा भार त्याला झेपणार नाही. तिथे सिरीजच बरी.

शेवटी धन-ऋण. एक ट्वीटर उलटा लागला तर एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. समोर बसणाऱ्याला आवाज पातळ लागतो. वूफरची दिशा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहता येते: पडदा पुढे आला तर सेलचं धन टोक लागलं ते धन. ट्वीटरवर हा प्रयोग नको, तिथे कंपनीची खूण पाहावी.

सगळं जोडलं की आवाज अगदी लहान ठेवून आधी गाणं नको, कुणाचं तरी बोलणं लावा. 'सर' आणि 'शर' वेगळे ऐकू आले की मगच आवाज वाढवा.