पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका

‘बाळ हलतंय, सगळं ठीक आहे, मग सोनोग्राफीवर खर्च कशाला?’ असे आपल्या वस्तीत अनेक घरांत म्हणतात. रोज बुडेल म्हणून तपासणी सातव्या-आठव्या महिन्यावर ढकलली जाते. पण बाळाच्या हाडांचे काही गंभीर आजार पाचव्या महिन्यातच दिसतात. तेव्हा समजले, तर विचार करायला वेळ मिळतो.

ही सोनोग्राफी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून अठरा ते वीस आठवड्यांत करतात. त्यात बाळाच्या मांडीचे हाड मोजतात. विसाव्या आठवड्याला ते साधारण ३३ मिलिमीटर असते. ते फारच आखूड भरले, तर हातापायांची इतर हाडे, कवटी, मणका आणि छातीचा घेर डॉक्टर नीट पाहतात. हाडे वाकलेली किंवा मोडलेली आहेत का, तेही दिसते. छाती फार अरुंद असेल तर फुप्फुसे वाढत नाहीत आणि बाळ जन्मल्यावर जगणे कठीण होते.

मात्र हाड थोडे आखूड दिसले की लगेच घाबरू नये. दिवस मोजण्यात चूक असू शकते, आईवडील ठेंगणे असू शकतात, बाळाची वाढ कमी असू शकते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफीही करावी. तिच्यावरून दिवस नेमके कळतात. अकॉन्ड्रोप्लेशिया या ठेंगणेपणाची खूण तर बहुधा सहाव्या महिन्यानंतर दिसते. अशी मुले बुद्धीने इतरांसारखीच असतात. ती शिकतात, आपल्या पायावर उभी राहतात. शंका राहिली तर मोठ्या रुग्णालयात पुन्हा सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भजलाची तपासणी करतात.

ग्रहणात भाजी चिरल्याने असे होत नाही. सुनेला बोल लावू नका. अकॉन्ड्रोप्लेशिया असलेल्या दहांपैकी सुमारे आठ मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात. जनुकात नव्याने झालेला बदल हे कारण असते. हाडांचे काही आजार आई आणि वडील दोघांकडून येतात. मामाच्या मुलीशी किंवा नात्यात लग्न झाले असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

व्यंग गंभीर असेल, तर २०२१च्या कायदादुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. गर्भ ठेवायचा असे तिने ठरवले, तर बाळंतपण नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात व्हावे.

सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारू नका. १९९४च्या कायद्याने तो गुन्हा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. आशाताईंना आजच भेटा, आठवडे मोजून घ्या आणि सोनोग्राफीची चिठ्ठी मागा.