खात्याची किल्ली परक्याच्या हाती देऊ नका

माधवनगर : सांगली-तासगाव रस्त्यावरचे हे पेठेचे गाव. कॉटन मिलचे दिवस कधीच मागे पडले, पण देण्याघेण्याचा व्यवहार काही थांबला नाही. पूर्वी पैसा कनवटीला असायचा, आता तो मोबाईलमध्ये असतो एवढाच फरक. हळदीची पट्टी, उसाचे बिल, दुधाचे पैसे, किसान सन्मान योजनेचे दोन हजार, सारे काही थेट खात्यावर जमा होते. कनवटीला हात घालणारा निदान दिसायचा तरी. खात्यात हात घालणारा कोण, कुठला, याचा पत्ताच लागत नाही.

‘आमच्या खात्यात हाय काय, म्हणून कोण चोरंल?’ असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. वाचकहो, हा समज आधी मनातून काढा. हा चोर घर हेरून येत नाही. हजारो नंबरांवर तो एकच निरोप पाठवतो आणि जो फसेल त्याला लुबाडतो. शिवाय रिकामे खातेही त्याला हवेच असते. दुसऱ्याकडून लुटलेला पैसा फिरवायला ते उपयोगी पडते.

बँकच फुटली तर?

लांबचे उदाहरण कशाला? 1906 साली स्थापन झालेली पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक घ्या. ऑगस्ट 2018 मध्ये चोरांनी तिच्या संगणकात शिरकाव केला. एटीएममध्ये कार्ड घातले की ‘पैसे द्यायचे का?’ ही विचारणा बँकेकडे जाते. चोरांनी ती विचारणा मधल्या मध्ये वळवली आणि स्वतःच ‘द्या’ म्हणून होकार पाठवला. 11 ऑगस्टला बनावट कार्डे वापरून 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतातूनही अडीच कोटी गेले, आणि ते काढणाऱ्यांत कोल्हापुरातल्या एटीएमवर उभे राहिलेले लोकही होते. 13 ऑगस्टला आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठवले गेले. एकूण फटका 94 कोटींचा. पुण्याच्या न्यायालयाने 2023 मध्ये या प्रकरणात 11 जणांना दोषी ठरवले.

या चोरीत बँकेचा पैसा गेला, खातेदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. कुलूप बँकेचे तुटले, म्हणून नुकसान बँकेने सोसले. पण आपल्या गावात ज्या फसवणुका होतात त्यांत कुलूप तुटतच नाही. किल्ली आपणच काढून देतो.

रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जो आदेश काढला, त्यात हाच भेद केला आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी ग्राहक मोकळा. मात्र ग्राहकाने स्वतःच गुप्त आकडा सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेली रक्कम त्याची त्यालाच सोसावी लागते. कळवल्यानंतर गेली तर ती बँकेवर. म्हणजे गप्प बसण्याचा एकेक तास आपल्याच खिशातून जातो.

चोराच्या वाटा

पहिली वाट व्हॉट्सअॅपची. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलन’ किंवा लग्नपत्रिका अशा नावाने एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती पत्रिका नसते, ते अॅप असते. ते मोबाईलमध्ये बसले आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी आपल्या आधी चोर वाचतो. पुष्कळदा अशी फाईल ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून येते, कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. पावणा मोठा इमानदार असेल, पण त्याची फाईल इमानदार असेलच असे नाही.

दुसरी वाट फोनची. ‘बँकेतून बोलतोय, केवायसी संपली, आकडा सांगा.’ बँक असा आकडा कधीही विचारत नाही. यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवायला. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. ‘म्हशीचा विसार पाठवतो, पिन टाका’ असे कुणी म्हणाला, तर तो विसार देत नाही, आपल्याकडून घेतो आहे.

तिसरी वाट अंगठ्याची. आधारवर अंगठा लावून पैसे निघतात, ही सोय खरीच. पण अंगठ्याचा ठसा कागदावरून उचलून खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत.

एवढे आजच करा

1. व्हॉट्सअॅपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट’ आणि त्यात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ असते. तेथे सहा आकडी पिन ठेवा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसले तर काढून टाका.

2. जीमेललाही दुहेरी पडताळणी लावा. ईमेल हातात आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड चोराला बदलता येतात.

3. बँक, ईमेल आणि फेसबुक यांना एकच पासवर्ड नको. मोबाईल नंबर, जन्मसाल किंवा पोराचे नाव तर नकोच.

4. एमआधार अॅपमधून अंगठ्याचे ठसे बंद करून ठेवा. गरज लागली की उघडता येतात.

5. बँकेचे संकेतस्थळ शोधताना पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत या पत्त्यावर यायला सांगितले होते. गूगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरावर विसंबू नका. पासबुकावरचा नंबर घ्या, नाहीतर शाखेत जाऊन विचारा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा मोबाईल तरण्या पोरांनी हातात घेऊन हे करून द्यावे. ‘आकडा कुणालाच सांगायचा नाही, मला पण नाही,’ एवढे त्यांना पटवून द्यावे.

पैसे गेलेच तर

लाजून बसू नका. शिकलेसवरलेलेही फसतात. मोबाईलचे इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून ताबडतोब 1930 या नंबरावर तक्रार द्या. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावरही ती नोंदवता येते. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळतो. तो कुठे टेकलेला असेपर्यंत गोठवता येतो, एकदा रोख निघाली की हात चोळत बसावे लागते. 1930 ला सांगून झाले, की बँकेलाही कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि आलेले मेसेज पुसू नका.

शेवटची गोष्ट कॉलेजला जाणाऱ्या पोरांसाठी. ‘खाते आठवडाभर वापरायला दे, पाच हजार घे’ म्हणणारे दलाल फिरतात. त्या खात्यावर लुटीचा पैसा येतो आणि पोलिसांना पहिले नाव सापडते ते खातेदाराचे. कॉसमॉस प्रकरणातही पकडले गेले ते बहुतेक कार्ड घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले लोक. सूत्रधार दूरच राहिले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पाच हजारांसाठी असा गुन्हा पाठीशी लावून घेऊ नका. ज्याच्या नावावर सात-बारा, त्यानेच रान कसावे. खात्याचेही तसेच आहे.