बिगुलाचे संकेत आणि भाषेची लक्षणे

छावणीचा दिनक्रम शब्दांवाचून केवळ स्वरांनी चालविण्याची परंपरा जुनी आहे. पहाटे जागे होण्याचा, हजेरीचा, लंगराचा, सूर्यास्ती ध्वज उतरविताना वाजणारा ‘रिट्रीट’ आणि रात्री दिवे मालविण्याचा, असे हे संकेत होत. राहुरीच्या दक्षिणेस अहिल्यानगर येथे चिलखती दल व यांत्रिक पायदळ यांची केंद्रे आहेत. त्यांपैकी चिलखती दलास घोडदळाचा वारसा आहे. घोडदळाचे संकेतवाद्य ट्रंपेट, तर पायदळाचे बिगुल. या संकेतसमूहास भाषा म्हणता येईल काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

बिगुलास कळा नसतात. ओठांच्या ताणानुसार नळीतील हवा ज्या निसर्गसिद्ध स्वरांत कंप पावते, तेवढेच स्वर त्यातून निघतात. व्यवहारात ते पाच असून त्यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २:३:४:५:६ असते. म्हणजे षड्ज, पंचम, तार षड्ज आणि त्यावरील गंधार व पंचम. यांपैकी एकट्या स्वरास काहीच अर्थ नसतो. अर्थ येतो तो क्रमाने व लयीने. निरर्थक घटकांतून सार्थ घटक घडविणाऱ्या या द्विस्तरीय रचनेची गणना चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये भाषेच्या लक्षणांत केली होती. शिवाय ब्रिटिश पद्धतीत आज्ञेपूर्वी पलटणीचा स्वतंत्र संकेत वाजविण्याची रीत होती. ‘कोणी’ आणि ‘काय करावे’ हे दोन अंश त्यामुळे वेगळे होत.

येथे मात्र साम्य संपते. बिगुलास नकार, प्रश्न वा भूतकाळ व्यक्त करता येत नाही. संकेतांची यादी ठरलेली असते. तीबाहेरचा आशय वादकास सांगता येत नाही. ही मर्यादा हाच त्याचा रणांगणावरील गुण होता. पांगून लढणाऱ्या हलक्या पायदळास दुरून निःसंदिग्ध आज्ञा हवी असे. बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बोधचिन्हात बिगुल आहे, तो याच परंपरेमुळे.

बिनतारी यंत्रणा आल्यावर रणांगणातील हे कार्य संपले, परंतु संकेत उरले. ‘लास्ट पोस्ट’ हा मुळात रात्रीच्या पहाऱ्यांची तपासणी पूर्ण झाल्याची सूचना देणारा संकेत. तोच पुढे सैनिकाच्या अंत्यसंस्कारात व स्मारकापाशी वाजू लागला. स्वररचना तीच राहिली, प्रसंग बदलला आणि दिवसाची समाप्ती ही आयुष्याची समाप्ती झाली. वाक्यरचनेच्या कसोटीवर भाषेबाहेर राहणारी ही व्यवस्था अर्थांतराच्या बाबतीत शब्दांच्याच वाटेने जाते.