बिनतारी मोटारीचीं चाकें



नभोवाणीच्या लहरींवरून जसा आवाज येतो, तशी आज्ञाहि येऊं शकते. १८९८ सालीं न्यूयॉर्क शहरांत निकोला टेस्ला यांनीं पाण्याच्या हौदांत एक लहानशी नौका, दोरी किंवा तार न लावतां, दुरून चालवून दाखविली. त्याच तत्त्वावर चालणारी मोटार आज मुलांच्या, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ वडीलधाऱ्यांच्याहि, हातीं आली आहे. खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची, रुंदीनें सुमारें १९० मिलिमीटर अशी ही ‘टूरिंग कार’ सपाट रस्त्यावर डोळा ठरूं देत नाहीं. परंतु थोड्याच दिवसांत घरांत तक्रार सुरू होते: गाडी सरळ जात नाहीं, एका अंगास ओढते.

यावर सर्वांस सुचणारा उपाय हातांतील यंत्रावरच असतो. तेथें ‘ट्रिम’ नांवाची एक कळ असते. ती फिरविली कीं पुढचीं दोन्ही चाकें एकाच बाजूस किंचित् वळतात आणि गाडी सरळ धांवूं लागते. खेळणाऱ्याचें समाधान होतें. टायरांचें मात्र होत नाहीं. समजा, डावें चाक सरळ रेषेपासून २ अंश बाहेर तोंड करून आहे आणि उजवें सरळ आहे. ट्रिमनें दोन्ही चाकें १ अंश उजवीकडे वळविलीं, तरी त्यांच्यामधील २ अंशांचें भांडण तसेंच राहतें. फरक इतकाच, कीं आतां दोन्ही टायर रस्त्यावर खरडत जातात. मूळ वांकडेपणा मागच्या चाकांत असेल, तर गाडी खेंकड्यासारखी तिरकी चालते. मला तर ही कळ डोकेदुखीवरच्या गोळीसारखी वाटते.

चाकांचा हा प्रश्न उद्भवतो तरी कोठून? परभणी जिल्ह्यांत जिंतूर तालुक्यांत चारठाणा म्हणून गांव आहे. तेथल्या शिवारांतील साधी दोन चाकी बैलगाडी डोळ्यांपुढें आणा. एक सरळ आंस आणि त्याच्या दोन टोकांवर स्वतंत्र फिरणारीं दोन चाकें. बैल वळले कीं गाडी सबंध वळते. चार चाकें आलीं कीं मात्र पुढचीं चाकें मागच्यांपासून वेगळीं वळवावीं लागतात. शिवाय वळणाच्या आंतील चाकाचें वर्तुळ लहान, म्हणून त्यास बाहेरच्या चाकाहून अधिक वळावें लागतें. म्युनिकचे गाडी-कारागीर लांकेनस्पर्गर यांनीं यासाठीं जोडदांड्यांची युक्ति काढली आणि अॅकरमन यांनीं १८१८ सालीं लंडनमध्यें तिचें पेटंट घेतलें. ती युक्ति घोड्याच्या गाडींतून मोटारींत आली, आणि मोटारींतून या खेळण्यांत.

चारठाणा प्रसिद्ध आहे तें तेथल्या प्राचीन दगडी देवालयांसाठीं व स्तंभासाठीं. दगड उभा करणाऱ्या गवंड्याचा गुरु ओळंबा. त्याच्या दोरीशीं जें जुळलें तें सरळ. चाकाचें तसें नाहीं. वेगानें वळतांना गाडी बाहेरच्या अंगास कलते आणि ओळंब्यांत उभें केलेलें चाक त्या वेळीं बाहेरच्या कांठावर चढतें. म्हणून उभ्या गाडींत चाकाचा माथा १ ते २ अंश आंत झुकवून ठेवतात; ऐन वळणांत टायर रस्त्यावर सपाट बसतो. कारागीर या झुकावास ‘कॅम्बर’ म्हणतात, आणि वरून पाहतां चाकाचें तोंड आंत किंवा बाहेर असणें त्यास ‘टो’.

आतां प्रत्यक्ष काम. उत्तम शहाबादी फरशींतहि खोलगटपणा असतो, म्हणून जाड कांचेचा तुकडा घ्यावा. बॅटरी गाडींत बसविलेली असावी. वजन कमी असतां गाडी उंच उभी राहते आणि सारे कोन बदलतात. एखादें चाक हातानें हलवितां खडखडत असेल, तर पुढचें सर्व मापन व्यर्थ समजावें व प्रथम तें घट्ट करावें. गाडी दोन-तीनदां दाबून सोडावी, थोडी ढकलावी, आणि डावी-उजवी उंची सारखी आहे हें पाहावें. पोटाखालीं सुमारें ५ मिलिमीटर मोकळी जागा पुष्कळांस पुरते.

यानंतर हातांतील यंत्र आधीं व गाडी मागाहून चालू करावी. ट्रिम शून्यावर आणावी. चाकें वळविणारी जी लहानशी पेटी असते, तिला ‘सर्व्हो’ म्हणतात. तिचा हात या स्थितींत नेमका मधोमध असला पाहिजे. नसेल तर काढून पुन्हां बसवावा. हें काम कंटाळवाणें आहे, म्हणूनच तें बहुधा टाळलें जातें, आणि खोड बहुधा येथेंच असते.

जोडदांड्यांच्या दोन टोकांस उलट-सुलट आटे असतात, म्हणून दांडी न काढतां जागच्या जागीं फिरवून लांब-आंखूड करतां येते. दोन्ही बाजूंच्या दांड्या मोजून सारख्या कराव्यात. मग कांचेवर गुण्या उभा धरून झुकाव पाहावा: ६० मिलिमीटर व्यासाच्या चाकास १ अंश म्हणजे वर-खालीं सुमारें १ मिलिमीटरचा फरक. झुकाव आधीं, टो नंतर. कारण झुकाव बदलला कीं टो हलतो. पुढचीं चाकें सरळ किंवा जेमतेम १ अंश बाहेर, मागचीं २ ते ३ अंश आंत. मागचीं चाकें आंत असलीं म्हणजे वेग देतांना शेपूट फेंकत नाहीं.

गाडी रस्त्यावर सोडतांना एक सांभाळावें. डांबरी रस्ता पाणी वाहून जाण्यासाठीं मध्यें उंच असतो, म्हणून निर्दोष गाडीहि कडेकडे जाते. तीच गाडी उलट दिशेनें सोडून पाहावी. पहिल्यानें डावीकडे ओढली व आतां उजवीकडे ओढते, तर दोष रस्त्याचा आहे. दोन्ही वेळां डावीकडेच ओढली, तर दोष गाडीचा.

घरच्या मोठ्या मोटारीसहि हें सर्व लागूं आहे. तेथें ट्रिमची कळ नसते, पण आपले हात नकळत तेंच काम करीत राहतात. टायरचा आंतला कांठ तारा दिसेपर्यंत झिजतो आणि बाहेरून टायर नवा दिसतो. पावसांत जोराचा ब्रेक लावण्याची वेळ येईपर्यंत कोणास कळत नाहीं.

खेळण्याचे टायर आठ-दहा फेऱ्यांनंतर उलटून पाहावेत. केवळ आंतला कांठ झिजला असेल, तर झुकाव थोडा कमी करावा. बाहेरचा झिजला, तर थोडा वाढवावा. पृष्ठभागावर एका बाजूस पिसांसारखे कोर उभे राहिले असले, तर टो पुन्हां मोजावा.