काळ्या पिसांवरचा उजेड

किनारा, पक्षी आणि कॅमेरा : लेखांक ६

मालवणच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायचे तर काळा रंग टाळता येत नाही. रापण ओढली जाते तिथे कावळे जमतात, खाडीतल्या खुंटांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, विजेच्या तारेवर कोतवाल, माडांखालच्या झुडपांत भारद्वाज, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांत गडद राखाडी रंगाचा रीफ हेरॉन बगळा. या पक्ष्यांचे फोटो दोन तऱ्हांनी बिघडतात. एकात पक्ष्याच्या जागी नुसता काळा डाग उरतो, पिसं नाहीत आणि डोळाही नाही. दुसऱ्यात पक्षी धुरकट करडा होतो आणि मागची वाळू पांढरीफटक पडते. उपाय म्हणून नवशिक्याला दोन सल्ले मिळतात आणि ते एकमेकांच्या थेट विरुद्ध असतात. एक म्हणतो, पक्षी काळा आहे, एक्स्पोजर कमी कर. दुसरा म्हणतो, पक्षी काळा आहे, एक्स्पोजर वाढव. दोघांच्याही अनुभवात तथ्य आहे, पण नियम म्हणून दोन्ही निरुपयोगी आहेत. माझं म्हणणं असं की एक्स्पोजरचा पाया पक्ष्याचा रंगही नव्हे आणि मागचं आकाशही नव्हे. पाया आहे पक्ष्यावर पडणारा उजेड. तो आधी मोजावा आणि मग चौकटीतला महत्त्वाचा पांढरा भाग जळणार नाही इतपत एक्स्पोजर वाढवावं.

या दोन सल्ल्यांतली विसंगती मीटरच्या कामाच्या पद्धतीतून येते. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवर किती उजेड पडतोय हे मोजत नाही, वस्तूकडून परत किती येतोय तेवढंच त्याला कळतं. समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. छायाचित्रणात या करड्याचं रूढ माप १८ टक्के परावर्तनाचं आहे. साध्या काळ्या पिसांचं परावर्तन ३ ते ५ टक्क्यांच्या घरात असतं. १८ चे निम्मे ९ आणि ९ चे निम्मे साडेचार, म्हणजे काळा पक्षी मध्यम करड्यापेक्षा साधारण दोन स्टॉप खाली असतो. स्पॉट मीटर नेमका कावळ्याच्या छातीवर धरला, तर तो ही छाती करडी करण्यासाठी दोन स्टॉप जास्त उजेड मागेल. तिथे ‘कमी कर’ हा सल्ला बरोबर ठरतो. तोच कावळा माडाच्या शेंड्यावर, पांढुरक्या आकाशासमोर बसला आणि मीटर पूर्ण चौकटीचा असला, तर मोजमापात आकाशाचंच वजन पडेल. मीटर आकाश करडं करायला जाईल आणि कावळा गडप होईल. तिथे ‘वाढव’ बरोबर. पक्षी तोच आणि ऊनही तेच असून दुरुस्तीची दिशा उलटली, कारण मीटरच्या नजरेसमोरची गोष्ट बदलली. म्हणून ‘काळ्या पक्ष्याला अमुक इतकं प्लस’ असा आकडा पाठ करण्याला अर्थ नाही.

उजेड मोजायची जुनी, भरवशाची वाट म्हणजे फिल्मच्या काळापासून चालत आलेला ‘सनी सिक्स्टीन’ नियम. लख्ख उन्हात, ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून येत असताना, अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवलं तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका ठेवायचा. आयएसओ ४०० असेल तर १/४०० सेकंद. पक्ष्यांसाठी हेच प्रमाण एफ/८ आणि १/१६०० असं बसवता येतं. सूर्य नुकताच वर आलेला असताना उजेड याहून एक-दोन स्टॉप कमी असतो, तेव्हा नियम तसाच लावू नये. पाठांतर नको असेल तर तारकर्ली किंवा चिवला बीचची कोरडी वाळू मदतीला आहे. कोरडी फिकट वाळू मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असते. पक्षी ज्या उन्हात आहे त्याच उन्हातल्या वाळूवर स्पॉट मीटर धरावा, मिळालेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यावं आणि ते मॅन्युअलवर कायम करावं. लाटेने भिजलेली वाळू चालणार नाही, ती बरीच गडद असते. एकदा हे ठरलं की कावळा वाळूवरून उडून आकाशात गेला, तिथून माडाच्या झावळ्यांसमोर आला, तरी काही बदलावं लागत नाही. पार्श्वभूमी तीनदा बदलली, पण पक्ष्यावरचं ऊन तेच राहिलं. स्वयंचलित मोड मात्र त्या तिन्ही वेळा वेगळा निर्णय घेईल.

आता पुढची पायरी, आणि खरा वाद इथेच आहे. उजेडाप्रमाणे काटेकोर एक्स्पोजर दिलं तर काळा पक्षी मध्यम करड्याच्या दोन स्टॉप खाली, जिथे असायला हवा तिथेच येतो. तिथेच तो ठेवावा की आणखी एक स्टॉप वर न्यावा? वर न्यावा, असं माझं मत आहे. त्याचं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. सेन्सरवर फोटॉन पडतात ते पावसाच्या थेंबांसारखे, सरासरी ठरलेली पण प्रत्येक ठिकाणी थोडे कमी-जास्त. ही अनियमितता फोटॉनच्या संख्येच्या वर्गमूळाइतकी असते. उजेड चौपट झाला की चित्र आणि खरखर यांचं प्रमाण दुपटीने सुधारतं. काळ्या पिसांतून मुळात उजेड थोडा येतो, म्हणून खरखर सगळ्यात आधी तिथेच दिसते आणि पिसांच्या कडांचा बारीक तपशील गिळते. यावर आक्षेप येतो की काळा पक्षी काळाच दिसला पाहिजे, तो उजळ करणं खोटेपणा आहे. पण टिपताना किती उजेड घेतला आणि शेवटी चित्र किती उजळ दाखवलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉ फाइलमध्ये नंतर एक स्टॉप खाली आणलं की काळा रंग पुन्हा काळा होतो आणि तपशील जास्त स्वच्छ राहतो.

याच्या उलटा आक्षेप असा, की आजचे सेन्सर इतके चांगले आहेत की अंधारा फोटो नंतर उजळवता येतो, मग एवढा खटाटोप कशाला? यात थोडं तथ्य आहे. अनेक नव्या कॅमेऱ्यांत आयएसओ कमी ठेवून नंतर संगणकावर उजळवलं किंवा टिपतानाच आयएसओ चढवला, तरी खरखरीत फारसा फरक पडत नाही. पण ही गोष्ट फक्त आयएसओची आहे. शटर अकारण १/३२०० वर ठेवल्यामुळे जो उजेड सेन्सरपर्यंत पोचलाच नाही, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. खुंटावर स्वस्थ बसलेल्या पाणकावळ्याला १/५०० पुष्कळ झालं. तिथे शटर उतरवणं म्हणजे खरोखर जास्त उजेड गोळा करणं.

किती वर न्यायचं याची हद्द पांढरा रंग ठरवतो. रीफ हेरॉनच्या गडद रूपातल्या बगळ्याच्या गळ्याशी पांढरा पट्टा असतो. हा पट्टा उन्हात सपाट पांढरा झाला तर बाकीच्या पिसांतली कमाई फुकट जाते. मलबारी कवड्या धनेशाचं अंग काळं आणि पोट पांढरं. काळ्या आणि पांढऱ्या पिसांत साधारण चार स्टॉपचं अंतर धरलं तरी कमी आयएसओवर आजचा सेन्सर ते सहज सामावतो. अडचण होते ती पक्षी अर्धा उन्हात आणि अर्धा पानांच्या सावलीत असला की, कारण सावलीचे आणखी दोन-तीन स्टॉप त्यात मिळतात. तिथे एक्स्पोजरची कसरत करण्यापेक्षा पक्षी पूर्ण सावलीत किंवा पूर्ण उन्हात येईपर्यंत थांबावं. रापणीजवळ कावळा आणि पांढरा बगळा एकाच चौकटीत आले तर बगळा जपून एक्स्पोजर ठरवावं. फक्त कावळाच असेल तर एक स्टॉप बिनधास्त वाढवावा. हिस्टोग्राम पाहताना एवढं ध्यानात ठेवावं की तो बहुधा जेपेगवरून काढलेला असतो. तो ‘जळलं’ म्हणतो तेव्हा रॉमध्ये अजून थोडी जागा शिल्लक असू शकते.

उजेडाच्या मोजमापाइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची आहे, आणि काळ्या पक्ष्यांबाबत तर ती निर्णायक आहे असं मला वाटतं. कोतवालाचं पीस काळं असलं तरी गुळगुळीत आणि चकचकीत असतं, समोर जे असेल ते त्यात उमटतं. निळ्या आकाशाखाली त्याच्या पाठीवर निळी झाक दिसते ती काही अंशी यामुळे. कडक उन्हात त्याच पाठीवर एक पांढरा चकाकता पट्टा येतो आणि त्याच्या शेजारी लगेच गर्द काळोख असतो. एकही एक्स्पोजर या दोन्हींना न्याय देत नाही. मालवणचा अक्षांश सुमारे १६ अंश उत्तर आहे, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर येतो. तेव्हा पक्ष्याची पाठ तळपते आणि छाती व डोळा काळोखात जातात. खाली फिकट वाळू असेल तर तिच्यावरून परतलेला उजेड पोटाखालची पिसं थोडी उघडतो, काळ्या खडकावर तीही सोय नाही.

हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे पाहताना सूर्य पाठीमागे असतो आणि खडकावरच्या बगळ्यावर समोरून उजेड पडतो. संध्याकाळी त्याच जागेवरून तोच बगळा उजेडाच्या आड येतो आणि छायाकृतीखेरीज काही हाती लागत नाही. इथे देवबागचा भूगोल कामी येतो. समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी चालत ओलांडता येते. सकाळ समुद्राच्या बाजूला घालवावी आणि दुपार कलल्यावर नदीच्या काठावर येऊन पूर्वेकडे पाहावं. खाडीतल्या पाणकावळ्यांवर तेव्हा तिरपं, मऊ ऊन पडतं आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका येतो. काळ्या चेहऱ्यात तो ठिपका नसेल तर पक्षी निर्जीव दिसतो, एक्स्पोजर कितीही अचूक असलं तरी.

शेवटचा आक्षेप नव्या कॅमेऱ्यांचा. मिररलेस कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपोआप शोधतो, व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजर आधीच दाखवतो, मग मॅन्युअलचा हट्ट कशाला? व्ह्यूफाइंडरची मदत जरूर घ्यावी, पण वाळूच्या झगमगाटात आकसलेल्या बुबुळाला त्यातलं चित्र असतं त्यापेक्षा अंधारं वाटतं, म्हणून नजरेपेक्षा हिस्टोग्रामवर विश्वास ठेवावा. मॅन्युअल पद्धत एका ठिकाणी मात्र खरोखर तोकडी पडते, हे मान्य करायला हवं. जूनच्या तोंडावर ढग भराभर सरकत असतात आणि ऊन मिनिटामिनिटाला बदलतं. अशा वेळी शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने ठरवून आयएसओ ऑटोवर सोडावा, आणि पक्षी कशासमोर आहे ते पाहून भरपाई द्यावी: पांढुरक्या आकाशासमोर दीड-दोन स्टॉप प्लस, गर्द झाडीसमोर शून्य किंवा थोडं मायनस. पावसाळ्यात आभाळ एकसारखं भरून आलं की पुन्हा मॅन्युअलवर यावं. तेव्हा पिसांवर कडक चकाकी नसते, सावल्या उघड्या असतात, आणि कोतवालाची पाठ, डोकं, दुभंगलेली शेपटी सगळं एकाच एक्स्पोजरमध्ये बसतं. पुढच्या आठवड्यात हाच काळा पक्षी पाण्यालगत उडताना कसा टिपायचा ते पाहू.