शस्त्रक्रियेनंतरचें दहावें वर्ष

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करवून घेतलेला मनुष्य घरीं परत येतो, तेव्हां पहिलें वर्ष कौतुकाचें जातें. दर महिन्यास कपडे सैल होतात, जिना चढतांना दम लागेनासा होतो, मधुमेह असल्यास त्याचीं औषधें बहुधा कमी होतात, आणि भेटेल तो मनुष्य प्रकृतीविषयीं दोन चांगले शब्द बोलून जातो. हा आनंद खोटा नव्हे. परंतु या शस्त्रक्रियेची खरी परीक्षा पहिल्या वर्षीं होत नसून ती पांचव्या, सातव्या आणि दहाव्या वर्षीं होते. त्या वेळीं कौतुक करणारे थांबलेले असतात, आणि एके काळीं आपल्या पोटावर शस्त्र चाललें होतें याचा खुद्द त्या मनुष्यासही विसर पडूं लागलेला असतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही शस्त्रक्रिया आतां नवलाईची राहिलेली नाहीं. म्हणून तिच्यानंतरच्या दीर्घ काळाचा विचार घरोघरीं होणें इष्ट आहे.

या शस्त्रक्रियेंत पोटावरील चरबी कापून काढतात असा एक समज आहे; तो चुकीचा आहे. शस्त्र चालतें तें जठरावर आणि आतड्यावर. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनीं १९६७ सालीं ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही पद्धत प्रसिद्ध केली. आज तिचें जें रूप रूढ आहे, त्यांत जठराच्या वरच्या टोकास सुमारें ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढीच पिशवी ठेवतात, आणि लहान आतड्याचा आरंभींचा भाग वगळून ती पुढील आतड्यास जोडतात. दुसरी पद्धत ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी’ची. तींत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक राहते.

पोट लहान झाल्यामुळें अन्न कमी जातें, एवढाच याचा अर्थ नाहीं. कोजिमा व कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं ‘घ्रेलिन’ नांवाचा स्राव शोधून काढला. तो मुख्यतः जठरांत तयार होतो व मेंदूस भुकेची वर्दी देतो. स्लीव्ह पद्धतींत हा स्राव करणाराच बराचसा भाग निघून जातो. भूक ही केवळ मनाची दुर्बलता नसून शरीराची आज्ञा आहे, हें यावरून स्पष्ट होतें. परंतु शरीर आपलें जुनें वजन सहजासहजीं विसरत नाहीं. वजन उतरलें म्हणजे तें विश्रांतींतही पूर्वींपेक्षां कमी इंधन जाळूं लागतें, आणि कालांतरानें भूकही थोडीफार परत येते.

ही गोष्ट स्वीडनमधील एका दीर्घ अभ्यासावरून चांगली समजते. १९८७ सालीं सुरू झालेल्या या अभ्यासांत शस्त्रक्रिया केलेले २०१० आणि न केलेले २०३७ स्थूल लोक होते. गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी शेकडा ३२ नें उतरलें. दहा वर्षांनीं ही घट शेकडा २५ वर आली. म्हणजे १२० किलोचा मनुष्य प्रथम सुमारें ८२ किलोवर आला आणि दहाव्या वर्षीं ९० किलोवर राहिला, असें समजावें. शस्त्रक्रियेवांचून राहिलेल्यांचें सरासरी वजन या काळांत शेकडा दोनांइतकेंही हललें नाहीं. पुढें २०२० सालीं याच अभ्यासांतून असें दिसून आलें कीं, शस्त्रक्रिया झालेल्यांचें आयुर्मान न झालेल्यांपेक्षां ३ वर्षांनीं अधिक होतें. मात्र सर्वसाधारण जनतेच्या मानानें तें साडेपांच वर्षांनीं कमीच होतें.

या आंकड्यांतील ८२ व ९० यांमधील ८ किलोंकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. हे ८ किलो परत येणें हा अपवाद नव्हे, तो बहुतेकांचा अनुभव आहे. तरीही घरांत व आप्तेष्टांत लागलीच कुजबूज सुरू होते. “एवढा खर्च केला, पण जिभेवर ताबा नाहीं,” असें कोणी तोंडावर, कोणी पाठीमागें बोलतें. ज्याच्याविषयीं हें बोललें जातें, तो मनुष्य शरमिंदा होतो. वजनकांट्यावर उभें राहणें नको, डॉक्टरांचा चेहरा पाहणें नको, म्हणून तो वार्षिक तपासणीस जाण्याचें टाळतो. तपासणी सुटली म्हणजे गोळ्याही सुटतात. खरा धोका त्या आठ किलोंत नसून येथें आहे.

बी-१२ या जीवनसत्त्वाचेंच उदाहरण घ्यावें. अन्नांतून तें मिळविण्यास जठरांतील स्रावांचें साह्य लागतें, आणि शस्त्रक्रियेनंतर तें साह्य तुटपुंजें होतें. परंतु यकृताच्या पेढींत या सत्त्वाची शिल्लक पुष्कळ असते व ती कांहीं वर्षें पुरते. म्हणून गोळ्या सोडल्यावर प्रथम कांहींच बिघडत नाहीं, आणि सोडल्या तें ठीकच झालें असें वाटतें. शिल्लक संपली कीं रक्त फिकें पडतें, हातापायांस मुंग्या येतात, चालतांना तोल जातो, स्मरण मंदावतें. मज्जातंतूंची ही हानि फार काळ राहिली, तर मागाहून केलेल्या उपचारानें ती पूर्णपणें भरून येईलच असें नाहीं. हें सत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. शाकाहारी घरांत त्याचा आधार दूधदुभत्यापुरताच. तेथें ही शिल्लक आधींच कमी असण्याचा संभव आहे.

कॅल्शियमची गोष्ट याहून फसवी आहे. तें कमी पडलें म्हणजे शरीर हाडांतून काढून रक्तांत आणतें. रक्ताचा हिशोब बरोबर दिसतो आणि हाडें मात्र पोकळ होत जातात. म्हणून डॉक्टर कॅल्शियमबरोबर ड जीवनसत्त्व व एका ग्रंथीच्या स्रावाचीही तपासणी करवितात. कॅल्शियम दिवसास १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेंही दोन-तीन वेळां विभागून घेण्याचा सामान्य दंडक आहे. लोहाची गोळी त्याच वेळीं घेऊं नये. दोहोंत दोन तासांचें अंतर असावें, आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊं नये. बी-१ या जीवनसत्त्वाची शिल्लक तर कांहीं आठवड्यांचीच असते. यासाठीं शस्त्रक्रिया झालेल्या मनुष्यास वारंवार वांत्या होऊं लागल्यास, त्या केव्हांही होवोत, घरगुती उपायांत दिवस न दवडतां डॉक्टरांकडे जावें.

जेवणाचा क्रमही बदलावा लागतो. आपल्याकडे पानावर प्रथम वरणभात येतो. लहान झालेलें पोट भातानेंच भरलें, तर प्रथिनांस जागा उरत नाहीं, आणि मग चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिनें हवींत. एका अंड्यांत तीं सुमारें ६ ग्रॅम असतात, १०० ग्रॅम पनिरांत सुमारें १८. म्हणून उसळ, पनीर, अंडें, मासे, घट्ट दही यांपासून आरंभ करावा, नंतर भाजी घ्यावी, आणि भात किंवा भाकरी शेवटीं. घांस बारीक चावावा. पाणी जेवतांना न पितां अर्ध्या तासानें प्यावें. बायपास झालेल्यानें जिलबी किंवा उसाचा रस घेतल्यास छाती धडधडते, घाम सुटतो. कित्येकांस दोन-तीन तासांनीं रक्तांतील साखर उतरून घेरी येते. मोठें जेवण लहान पोटांत अडतें. पण दिवसभर येतांजातां तोंडांत टाकलेला चिवडा अडत नाहीं. परत येणारें वजन पुष्कळदां याच वाटेनें येतें. नित्य चालणें आणि स्नायूंस ताण देणारा थोडा व्यायाम यांची जोड म्हणूनच आवश्यक आहे.

दोन गोष्टींविषयीं विशेष सावध राहावें. गुडघे दुखूं लागले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनानें घेऊं नयेत. बायपासच्या जोडावर त्यांमुळें व्रण होऊं शकतो. दुसरी गोष्ट मद्याची. बायपासनंतर तें फार त्वरेनें रक्तांत भिनतें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षीं मद्याच्या आहारीं जाणाऱ्यांचें प्रमाण वाढल्याचें आढळलें. तरुण स्त्रियांनीं शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असाही वैद्यकीय सल्ला आहे.

शरीर बदललें म्हणजे नातींही हलतात. स्वीडनमधील नोंदींवरून असें दिसलें कीं, शस्त्रक्रियेनंतर अविवाहितांत नवे संबंध जुळण्याचें प्रमाण वाढलें, तसेंच जोडप्यांत विभक्त होण्याचेंही वाढलें. कांहींजणांस उदासीनता घेरते. पूर्वीं दुःखाच्या वेळीं अन्नाचा आधार होता, तो गेला. त्याच्या जागीं दुसरा आधार मिळाला नाहीं तर मन उघडें पडतें. अशा वेळीं उपदेशापेक्षां सोबत अधिक उपयोगी पडते, आणि जरूर तर मानसोपचारही घ्यावे.

घरच्या मंडळींचें कर्तव्य यावरून उघड होतें. पंगतींत “एवढ्यानें काय होतें?” म्हणून आग्रह करूं नये, तसेंच प्रत्येक घांसावर पहाराही ठेवूं नये. वजनाची चौकशी कमी करावी व रक्ततपासणीची अधिक करावी. शस्त्रक्रियेचें नांव, तिची तारीख, चालू गोळ्या आणि पुढील तपासणीचा महिना एका कागदावर लिहून तो औषधांच्या कपाटास आंतून चिकटवावा, आणि दांतांचे डॉक्टर असोत कीं डोळ्यांचे, प्रत्येकास दाखवावा. पहिल्या वर्षांत ही तपासणी तीन, सहा व बारा महिन्यांनीं होते. पुढें ती दरवर्षीं, जन्मभर व्हावी. दहाव्या वर्षीं वजनांत आठ किलो भर पडलेली असूनही जो मनुष्य ताठ मानेनें रक्त तपासावयास जातो, त्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली असें खुशाल समजावें; आणि त्याची ती मान ताठ राहील असें वागणें घरच्या माणसांच्या हातीं आहे.